आधी गावं खोडा, मग तिकीट काढा: जमिनीवरून, सावकाश आणि जबाबदारीने प्रवास कसा आखायचा

एका सुट्टीत मी दहा दिवसांत सात गावं 'केली' होती. परतल्यावर फोटो लावायला बसलो आणि एका दगडी कमानीपाशी अडलो. कमान सुंदर होती, पण ती कुठल्या गावातली हे काही केल्या आठवेना. शेवटी फोटोवरची वेळ बघून, त्या दिवसाचं तिकीट शोधून तिचा पत्ता लावला. त्याच दहा दिवसांत मी एका रिक्षावाल्याशी भांडलो, ताट यायला उशीर झाला म्हणून वाढणाऱ्या पोरावर खेकसलो आणि प्रार्थना चालू असताना कॅमेरा घेऊन आत घुसलो. एरवी मी इतका वाईट माणूस नाही, असं माझं मत आहे. तिन्ही वेळा डोक्यात पुढची गाडी होती.

जबाबदार पर्यटनाच्या सूचना आपण सगळ्यांनी वाचलेल्या असतात. कचरा टाकू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, गावातल्या माणसाकडून वस्तू घ्या, वगैरे. त्यात चूक काहीच नाही, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट करायला वेळ लागतो, आणि लगीनघाईत निघालेल्या माणसाकडे नेमका तोच नसतो. म्हणून हा लेख सूचनांपासून सुरू न करता वेळापत्रकापासून सुरू करतो.

पहिली पायरी: दिवस मोजा आणि गावं खोडा

कागद घ्या. एकूण दिवस लिहा. त्यातून जाण्यायेण्याचे दिवस वजा करा आणि उरलेल्याला चारने भागा. जो आकडा येईल तितकीच मुक्कामाची गावं ठेवा. दोन आठवड्यांची सुट्टी असेल, तर जाण्यायेण्याचे दोन दिवस गेले, बारा उरले, म्हणजे तीन गावं. यादीत आठ असतील तर पाच खोडायची. त्रास होतो, पण हा त्रास घरी बसून करून घेतलेला बरा.

चारच का? एका गावातून उठून दुसऱ्या गावात स्थिरस्थावर व्हायला किमान अर्धा दिवस जातो: आवराआवर, स्टेशन, प्रवास, खोली शोधणं, आंघोळ. नव्या जागी पहिला दिवस रस्ते कळण्यात जातो, दुसरा ठरवलेलं बघण्यात. गावातली माणसं ओळखीचं हसायला लागतात ती तिसऱ्या दिवशी. त्या दिवशी निघून गेलात, तर खर्च सगळा केलात आणि नफा व्हायच्या वेळी दुकान बंद केलंत.

जेमतेम सहा दिवसांची रजा असेल, तर लांबचं ठिकाण सोडून द्या आणि एका रात्रीच्या प्रवासात पोहोचता येईल असं एकच गाव धरा. सावकाश प्रवास म्हणजे खंड पालथे घालणं, असा एक गैरसमज आहे. शंभर किलोमीटरवरही तो करता येतो.

दुसरी पायरी: कशाने जायचं ते ठरवा

आकडे एकदा नजरेखालून घाला. ब्रिटिश सरकार दरवर्षी वाहनांच्या कार्बन उत्सर्जनाचे सरासरी आकडे प्रसिद्ध करतं. त्यांच्या २०२२ च्या आकड्यांनुसार एका प्रवाशामागे दर किलोमीटरला लांब पल्ल्याच्या बसचं उत्सर्जन सुमारे २७ ग्रॅम, रेल्वेचं सुमारे ३५ ग्रॅम आणि देशांतर्गत विमानाचं २४५ ग्रॅमच्या आसपास आहे. विमानाच्या आकड्यात उंचावर होणाऱ्या इतर परिणामांचाही हिशेब धरलेला आहे. छोटं उड्डाण जास्त महाग पडतं, कारण जमिनीवरून उठून उंची गाठण्यात इंधनाचा मोठा वाटा जातो, आणि तो तीनशे किलोमीटरसाठीही तेवढाच लागतो. लांब उड्डाणात तो जास्त किलोमीटरवर विभागला जातो. पण किलोमीटरच इतके जास्त असतात की एकूण बेरीज मोठीच निघते.

हे आकडे देशोदेशी बदलतात. वीज कशापासून बनते, इंजिन डिझेलचं आहे का, डबे भरलेले आहेत की रिकामे, यावर रेल्वेचा आकडा खालीवर होतो. एकट्याने चालवलेली मोटार विमानाच्या फारशी मागे नसते. तीच चार जणांनी भरली की रेल्वेच्या जवळपास येते. समुद्रमार्गाचं मात्र आपोआप कौतुक करू नका. पलीकडच्या तीरावर जाणारी प्रवासी बोट वेगळी आणि पोहण्याचे तलाव घेऊन फिरणारं क्रूझ जहाज वेगळं.

फ्रान्सने २०२३ मध्ये, अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येतं अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमानं बंद केली. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि लियॉं या तीन शहरांना जाणारी उड्डाणं त्यात थांबली. व्यवहारात फार फरक पडला नाही अशी टीका झाली, पण आपल्यापुरता नियम म्हणून कल्पना चांगली आहे. माझा नियम जरा सैल आहे: दिवसभरात किंवा एका रात्रीत जमिनीवरून पोहोचता येत असेल, तर विमान नाही. विमानाचा 'एक तास' खरा किती असतो ते घरापासून खोलीपर्यंत मोजून बघा. विमानतळावर पोहोचणं, तपासणी, वाट बघणं, सामान घेणं आणि तिथून गावात येणं धरलं, तर पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत.

मध्ये समुद्र असेल किंवा युद्धामुळे रस्ता बंद असेल तर विमानाने जा, अपराधीपणाने चेहरा पाडू नका. फक्त जाताना एका शहरात उतरा आणि परतीचं विमान दुसऱ्या शहरातून घ्या, मधलं अंतर जमिनीवरून कापा. आणि वर्षातून तीनदा चार-चार दिवस उडण्याऐवजी एकदाच जाऊन महिनाभर राहा.

तिसरी पायरी: मार्ग जुळवा

इथे थोडं रेंगाळू या, कारण जमिनीवरच्या बहुतेक प्रवासांचा विचका इथेच होतो.

नकाशावर सरळ रेघ मारून सुरुवात करू नका. आधी मार्गातला सगळ्यात दुर्मीळ दुवा शोधा: आठवड्यातून एकदाच सुटणारी गाडी, एक दिवसाआड जाणारी बोट, फक्त बाजाराच्या दिवशी धावणारी बस. त्याची तारीख पक्की करा आणि बाकीचा प्रवास तिच्या अलीकडे-पलीकडे बांधा. दर तासाला मिळणाऱ्या गाड्या शेवटी बघितल्या तरी चालतात.

मग रिकामे दिवस पेरा. दर चार-पाच दिवसांमागे एक दिवस असा हवा की ज्यावर काहीच लिहिलेलं नाही. गाडी चुकली, पोट बिघडलं, घाट बंद झाला, तर हा दिवस कामी येतो. यातलं काहीच झालं नाही तर सुट्टी. परतीचं विमान किंवा लांबची गाडी ज्या शहरातून आहे तिथे दोन रात्री आधी पोहोचा. वेगवेगळी काढलेली तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी थांबत नाही आणि सहसा पैसेही परत मिळत नाहीत.

रात्रीची गाडी हा या प्रवासातला सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि खोलीचं एका रात्रीचं भाडंही वाचतं. पण लागोपाठ दोन रात्री गाडीत काढू नका. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासारखे कुणावर तरी खेकसाल. नव्या गावात उजेडी पोहोचाल अशीच गाडी निवडा. एकट्याने फिरणाऱ्या बाईसाठी तर हा नियम सगळ्यात वर. पहाटे तीनला उतरवणारी स्वस्त बस खरी स्वस्त नसते. तिकीट काढतानाच महिलांचा डबा किंवा शेजारी महिलाच असेल अशी जागा मिळते का तेही विचारा.

तारखेचा एक सापळा आहे. सुटण्याची वेळ ००:२० आणि तारीख १५ असेल, तर ती गाडी तुमच्या लेखी १४ तारखेच्या रात्रीची. जेवून, सामान घेऊन १४ च्या रात्री निघायचं. मी १५ च्या रात्री, अकरा वाजता, अगदी वेळेच्या आधी, ऐटीत स्टेशनवर हजर झालो होतो. खिडकीतल्या बाईंनी तिकीट बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि मग माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला भाषा न येताही सगळं समजलं. गाडी जाऊन तेवीस तास होत आले होते.

वेळेचाही असाच घोळ होतो. रशियातल्या लांब पल्ल्याच्या रेल्वे तिकिटांवर देशभर मॉस्कोची वेळ छापली जायची. स्थानिक वेळ छापायला सुरुवात झाली ती ऑगस्ट २०१८ पासून. मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा मार्ग, दोन टोकांच्या घड्याळांत सात तासांचा फरक. म्हणजे पूर्वेकडच्या स्टेशनवर सकाळी उठून गाडी पकडणाऱ्याच्या तिकिटावर मध्यरात्र छापलेली. म्हणून कुठल्याही मोठ्या देशात तिकीट हाती आलं की पहिला प्रश्न: ही वेळ कुठली?

तिकिटं किती आधी काढायची? रात्रीच्या गाडीची झोपायची जागा, सणासुदीचे दिवस आणि दुर्मीळ दुवे आधी. गावोगावच्या बस तिथे गेल्यावर. युरोपात बरंच फिरायचं असेल तर रेल्वे पासचा हिशेब करून बघा. युरोपाबाहेरच्या लोकांसाठीचा युरेल पास १९५९ पासून आहे आणि तिथल्या रहिवाशांसाठीचा इंटररेल १९७२ पासून. दोन्हींमध्ये एक मेख अशी की बऱ्याच वेगवान आणि रात्रीच्या गाड्यांना पासशिवाय वेगळं आरक्षण लागतं. तीन-चार प्रवासांसाठी सुटी तिकिटं स्वस्त पडू शकतात. जगभरच्या रेल्वे आणि बोटींची माहिती 'द मॅन इन सीट सिक्स्टी-वन' या संकेतस्थळावर चांगली मिळते. मार्क स्मिथ या रेल्वेत काम केलेल्या गृहस्थांनी ते २००१ मध्ये सुरू केलं.

चौथी पायरी: सीमा ओलांडायची असेल तर

विमानतळावर चालणारा व्हिसा जमिनीवरच्या नाक्यावर चालेलच असं नाही. बऱ्याच देशांचा ई-व्हिसा ठरावीक प्रवेशस्थानांपुरताच असतो, आणि त्या यादीत तुमचा नाका नसेल तर सीमेवरून परत फिरावं लागतं. ही यादी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच बघा, प्रवाशांच्या जुन्या अनुभवांवर विसंबू नका. नाका किती वाजता बंद होतो आणि पलीकडून शेवटची बस किती वाजता आहे, हे दोन्ही लिहून घ्या.

पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी आणि कोरी पानंही हवीत, कारण जमिनीवरून जाताना शिक्के भराभर पडतात. शिक्का मारून पासपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून तारीख वाचा. बाहेर पडल्याचा शिक्का राहून गेला, तर पुढच्या देशात गोंधळ होतो. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, व्हिसाच्या मुदतीखेरीज कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस असा नियम आहे आणि आत शिरल्याचा व बाहेर पडल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेत देशामागून देश जाणार असाल, तर पीतज्वराची लस आधीच घ्या. तिचं प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

सीमेवर उशीर होतो तो दरवेळी कागदांमुळेच असं नाही. मंगोलियातल्या रुळांची रुंदी १,५२० मिलिमीटर, चीनमधल्यांची १,४३५. म्हणून बीजिंग ते मॉस्को गाडीचे डबे सीमेवर एकेक करून वर उचलत, खालची चाकं बदलत आणि मग गाडी पुढे निघे. काही तास सहज जायचे. चिडून उपयोग नसतो, डबा हवेत असताना चहाही पिता येतो.

सीमेवरच्या दलालाकडे गरजेपुरतेच, म्हणजे पुढच्या गावापर्यंतच्या भाड्याचे आणि एका जेवणाचे पैसे बदला.

पाचवी पायरी: सामान

हे थोडक्यात. बॅग घेऊन तीन जिने न थांबता चढता आले पाहिजेत. नाही आले तर सामान कमी करा. आठ-दहा किलोंत महिना निघतो, कारण कपडे धुता येतात. पाण्याची बाटली आणि ते शुद्ध करायची काहीतरी सोय, जेवणाचा डबा, पातळ चादर, कानात घालायचे बोळे, साखळी-कुलूप, छोटा दिवा, ओळखपत्रांच्या झेरॉक्स. खांदे आणि गुडघे झाकणारा एक कपडा स्त्री-पुरुष दोघांनीही ठेवावा. देश तसा वेश, हे काही उगाच म्हटलेलं नाही.

सहावी पायरी: निघण्याआधी वीस शब्द

भाषा शिकायला वर्षं लागतात, वीस शब्दांना आठवडा पुरतो. नमस्कार, धन्यवाद, माफ करा, हो, नको, किती, कुठे, पाणी, छान, आणि एक ते दहा आकडे. यात 'नको' फार जपून शिका. प्रत्येक भाषेत त्याचं एक मऊ रूप असतं आणि एक तोडून टाकणारं. पाहुण्याला पहिलं लागतं. आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे 'चालेल का?' बाकावर बोट दाखवून, फोटोकडे बोट दाखवून, पायातल्या चपलांकडे बोट दाखवून विचारता येतं. व्याकरण लागत नाही.

फोनवर अनुवादाचं ॲप असू द्या, तिथली भाषा आधीच उतरवून घ्या, कारण रेंज नेमकी हवी तिथे नसते. पण पहिलं वाक्य तोंडाने बोला. आपण चुकीचा उच्चार केला की समोरचा दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना तो हसतो. तिथून बोलणं सुरू होतं.

खाण्यापिण्याचं पथ्य असेल, तर 'शाकाहारी' एवढा शब्द पुरत नाही. कित्येक ठिकाणी रस्सा मासळीचा किंवा हाडांचा असतो आणि वरचे तुकडे भाज्यांचे. त्यामुळे काय काय चालत नाही याची यादी तिथल्या भाषेत, तिथल्याच माणसाकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ॲलर्जी असेल तर ही चिठ्ठी पासपोर्टइतकीच जपा.

सातवी पायरी: कुठे राहायचं

तुम्ही दिलेले पैसे गावात किती फिरतात, हे बरंचसं इथे ठरतं. खोलीचा मालक त्याच गावात राहत असेल, तर ते पैसे तिथल्या वाण्याकडे, गवंड्याकडे, शाळेच्या फीत जातात. परदेशात नोंदलेल्या कंपनीचं हॉटेल, बाहेरून आणलेलं अन्न आणि बाहेरचाच सहल आयोजक अशी साखळी असेल, तर गावाच्या वाट्याला कचरा आणि चादरी धुण्याचं काम उरतं. पर्यटन अर्थशास्त्रात याला 'गळती' असाच शब्द आहे.

पण घरगुती म्हणजे सगळं चांगलंच, असंही नाही. मालक आत राहतो आणि एक खोली देतो, हे एक. आणि अख्खी इमारत भाडेकरू काढून पर्यटकांना दिली, हे दुसरं. बार्सिलोनाच्या महापालिकेने जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे, कारण रहिवाशांना परवडणारी घरं उरली नाहीत. आरक्षण करण्याआधी एवढं विचारा: तुम्ही तिथेच राहता का? खोलीत नाश्ता समाविष्ट नसेल तर उत्तम. सकाळी रस्त्यावर उतरायला कारण मिळतं.

दीर्घ मुक्कामाचेही काटे आहेत. महिनोन्महिने लॅपटॉप घेऊन राहणारे पाहुणे वाढले की भाडी वाढतात, हे बऱ्याच शहरांनी अनुभवलंय. सावकाश फिरतो म्हणून आपण निर्दोष, असं समजू नका. 'मी पर्यटक नाही, मी प्रवासी आहे' असं ऐटीत सांगणारी मंडळी तर मला टूर-बसमधल्या टोपीवाल्यांपेक्षा जास्त कंटाळवाणी वाटतात. तिथल्या माणसासाठी आपण सगळे पाहुणेच.

आठवी पायरी: पोहोचल्यावरचे चार दिवस

पहिल्या दिवशी काहीही 'बघू' नका. सामान टाका आणि खोलीभोवती तासभर चक्कर मारा. औषधाचं दुकान, बसथांबा, जेवायच्या दोन जागा आणि परत यायचा रस्ता, एवढं कळलं तरी भरपूर. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध स्थळ उरकून घ्या, शक्यतो उघडताक्षणी किंवा बंद व्हायच्या आधी. तिसऱ्या दिवशी गावातली साधी बस पकडा, शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि त्याच बसने परत या. शहर खरोखर कसं राहतं ते दिसतं. केस वाढले असतील तर तिथेच कापून घ्या. खुर्चीत अर्धा तास बसलेल्या माणसाशी न्हावी बोलतोच, मग भाषा कुठलीही असो. आणि जिथे पहिल्यांदा जेवलात, तिथे पुन्हा जा. नवीन नवीन जागा शोधण्याच्या नादात आपण कुणाचेच गिऱ्हाईक होत नाही.

राहणारा पाहुणा आणि धावता पाहुणा यांत काही शहरंही फरक करतात. व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी शहरात येण्याचं शुल्क लावलं, ते फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांना. रात्री शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते भरावं लागत नाही. ते मुक्कामाचा वेगळा कर भरतात.

फोटो

एका गावात, स्टेशनच्या तिसऱ्या फलाटापाशी, एक आजोबा छत्र्या दुरुस्त करत बसायचे. कुठलं गाव ते राहू द्या. पहिल्याच दिवशी मी त्यांच्यावर फोन रोखला. त्यांनी हातातली अर्धी उसवलेली छत्री शांतपणे उघडली आणि चेहऱ्यासमोर धरली. मला फोटोत छत्री मिळाली. चौथ्या दिवशी पाऊस आला, वारा आला आणि माझ्याच छत्रीची काडी तुटली. गेलो त्यांच्याकडे. त्यांनी तारेचा तुकडा दातात धरला, काडीचे दोन भाग जुळवले, तार गुंडाळली, पक्कडीने दाबली, छत्री तीनदा उघडून मिटून बघितली. पैसे दिले. मी निघालो तर त्यांनी हाक मारली, चष्मा काढून खिशात ठेवला, केसांवरून हात फिरवला, पाठ ताठ केली आणि माझ्या फोनकडे बोट दाखवलं.

नियम म्हणून सांगायचं तर: आधी व्यवहार किंवा गप्पा, मग कॅमेरा. मुलांचा फोटो आईबापांना विचारून, नाहीतर नाहीच. प्रार्थना, अंत्ययात्रा, स्मशान, आंघोळीचे घाट इथे फोन खिशात. सीमेवरच्या चौक्या, पूल आणि लष्करी गाड्या यांचे फोटो बऱ्याच देशांत गुन्हा ठरतात. जपानमधल्या क्योटोतल्या गिओन भागात तर गेइशांच्या, म्हणजे पारंपरिक नृत्य-गायन करणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या, मागे धावणारे कॅमेरे इतके वाढले की रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीचे फलक लावले आणि २०२४ मध्ये काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या.

'नको' ऐकू येणं

यजमानांचा नकार बहुतेकदा फलकावर नसतो, असला तर विनंतीच्या सुरात असतो. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड शिळेच्या पायथ्याशी तिथल्या अनांगू लोकांनी कितीतरी वर्षं लिहून ठेवलं होतं की ही आमची पवित्र जागा आहे, कृपया चढू नका. कायद्याने चढायला परवानगी होती, म्हणून लोक फलक वाचून त्याच्याच शेजारून चढत. शेवटी २६ ऑक्टोबर २०१९ ला चढाई कायमची बंद झाली. ती जमीन अनांगूंना परत मिळाली त्याला त्या दिवशी ३४ वर्षं झाली होती. 'परवानगी आहे का' याच्याबरोबर 'त्यांना आवडेल का' हेही विचारायची सवय लावा. शंका आली तर शेजारी उभा असलेला गावकरी काय करतोय ते बघा: चपला कुठे काढतो, आवाज किती ठेवतो, पाठ कुणाकडे करत नाही.

पैसे, मुलं, प्राणी

घासाघीस हा जिथे रिवाज आहे तिथे जरूर करा, हसत करा, पण शेवटच्या नाण्यापर्यंत ताणू नका. एकदा भाव कबूल केला की माघार घेऊ नका, तो अपमान समजतात. वाटाड्या घ्यायचा तर त्याच भागातला घ्या, आणि दिलेल्या पैशांतले त्याच्या हाती किती पडतात हे त्यालाच विचारा.

रस्त्यावरच्या मुलांना पैसे, पेनं, चॉकलेटं वाटू नका. त्या हातांना शाळेपेक्षा पर्यटक किफायतशीर वाटायला लागतात. अनाथाश्रमाची 'भेट' सहलीत असेल तर ती नाकारा. काही देशांत पर्यटकांच्या देणग्यांसाठी आईवडील असलेली मुलंही अशा ठिकाणी ठेवली जातात, हे वारंवार उघड झालं आहे. मदत करायचीच असेल तर शाळा, दवाखाना चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला घरी परतल्यावर द्या. हत्तीवर बसणं, बांधलेल्या वाघाबरोबर सेल्फी, हेही तसंच: प्राणी इतका गरीब कसा झाला, हे आधी विचारा.

पाणी आणि कचरा

जिथे गावाला पाणी एक दिवसाआड येतं, तिथे दहा मिनिटांचा शॉवर ही चैन आहे. बादली मागा, ती हमखास मिळते. दुर्गम भागात बॅटरी, औषधांची पाकिटं, सॅनिटरी पॅड यांची विल्हेवाट लावायची सोय नसते. बॅगेत एक जाड पिशवी ठेवा आणि ते मोठ्या शहरापर्यंत परत आणा. थायलंडमधली माया बे ही चिमुकली खाडी बोटींच्या आणि माणसांच्या गर्दीने इतकी झिजली की जून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. उघडली ती जानेवारी २०२२ मध्ये, किनाऱ्यावर बोट लावायला बंदी आणि माणसांची संख्या ठरवून. म्हणून एखादी नाजूक, अजून फारशी कुणाला माहीत नसलेली जागा सापडली, तर फोटो टाकताना नेमकं ठिकाण जोडू नका. जिल्ह्याचं नाव पुरे.

परतल्यावर

राहिलात त्या घराबद्दल, जेवलात त्या खानावळीबद्दल चार ओळी लिहा. छोट्या माणसाकडे जाहिरातीला पैसे नसतात. तक्रार असेल तर आधी त्यालाच सांगा, जगाला नंतर.

आणि फोटो पाठवतो म्हणून कुणाला शब्द दिला असेल, तर तो महिन्याच्या आत पाळा. पत्ता आपण लिहून घ्यायचा नाही, वही पुढे करून त्यांनाच त्यांच्या लिपीत लिहायला सांगायचा. घरी आल्यावर त्या पानाची झेरॉक्स काढायची, पत्त्याचा तुकडा कापून पाकिटावर चिकटवायचा आणि खाली फक्त देशाचं नाव इंग्रजीत लिहायचं. देशाचं नाव आपल्या टपालवाल्यांसाठी, बाकीचा पत्ता तिकडच्यांसाठी. आजोबांनी पत्ता लिहिताना दोनदा खोडलं होतं आणि कडेला फलाटाची खूण म्हणून एक छोटी छत्री काढली होती. ती मी कापली नाही, पाकिटावर तशीच ठेवली.